खो-खोची शिकवण

मुलांनो, नव्या वर्गातील पहिला दिवस आठवा. शेजारचा मुलगा परगावचा. त्याचे नावही ठाऊक नसते. बोलावेसे वाटते, पण संकोच आड येतो. हा संकोच घालविण्याचे साधन आपल्या मैदानावरच आहे. ते म्हणजे खो-खो.

हा खेळ वरवर धावण्याचा दिसतो; वस्तुतः तो विश्वासाचा आहे. रूढ नियमांप्रमाणे पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी मैदानात उतरतात. आठ जण मधल्या पट्टीवर, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्याला ती पट्टी ओलांडता येत नाही, की मध्येच मागे फिरता येत नाही. पळणारा गडी मात्र दोघांमधून सहज पलीकडे निसटतो. मग पाठलाग करणारा काय करतो? ज्याचे तोंड पलीकडे आहे, अशा सोबत्याच्या पाठीला हात लावून तो 'खो' म्हणतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो.

बसलेल्याला मागचा सोबती दिसत नाही. तो योग्य क्षणी खो देईल, या भरवशावरच त्याला थांबावे लागते. खो देणाऱ्याला तर टप्प्यात आलेला गडी दुसऱ्याच्या स्वाधीन करावा लागतो. ज्याला हे साधत नाही, तो एकटाच धावून दमतो आणि संघ हरतो.

धाराशिवच्या सारिका काळे यांनी याच खेळात नाव मिळविले. २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुरस्कार एकीला मिळाला, तरी खो-खोमध्ये कोणीही एकट्याने जिंकत नाही.

तुम्हीही वर्गात हा खेळ खेळा. मात्र एक बदल करा. खो देताना सोबत्याचे नाव मोठ्याने उच्चारा. नाव ठाऊक नसेल, तर आधी विचारून घ्या. खेळ संपेपर्यंत परका कोणी उरणार नाही.

बोलण्यात आपण 'कामात खो घालणे' असे म्हणतो, तेव्हा अडथळा आणणे हा अर्थ असतो. मैदानावरचा खो मात्र थांबलेले काम पुढे नेतो. तुम्ही कोणता खो द्याल?

शब्दार्थ : रूढ – प्रचलित, स्वाधीन करणे – सोपविणे.

स्वाध्याय
१. खो देणाऱ्याला कशाचा त्याग करावा लागतो?
२. 'कामात खो घालणे' हा वाक्प्रचार वाक्यात योजा.
३. सोबत्यावर विश्वास ठेवल्याने पार पडलेल्या एका कामाविषयी पाच ओळी लिहा.