बारा महिने परसबाग : आधी पाणी, मग बी



परसबागेवर लिहायचं ठरवलं तेव्हा आधी माझीच चूक सांगावी असं वाटलं. या कामावर आले त्या पहिल्या जूनमध्ये मी गावोगाव बियांची पाकिटं वाटली. भेंडी, गवार, पालक, दोडके, सगळं एकाच पिशवीत. रजिस्टरवर सह्या घेतल्या, फोटो काढले. दिवाळीत परत गेले तर बहुतेक वाफ्यांत गवत होतं आणि होळीला तर नुसती भेगाळलेली काळी माती. खारपाणपट्ट्यातल्या एका काकूंनी मला ओट्यावर बसवून चहा दिला अन् म्हणाल्या, "म्याडम, बिया तं देल्या तुमी, पन पानी कोन देईन? आमाले प्याचंच पानी दोन दिवसाआड येते."

तेव्हापासून मी कोणत्याही घरी आधी न्हाणीचं पाणी कुठे जातं ते बघते. बियांचं नंतर बोलते.

तुम्हीही तेच करा. घरामागे उभं राहून बघा, भांडी घासल्याचं अन् आंघोळीचं पाणी कोणत्या बाजूला वाहतं? त्या उताराला बाग करायची. पाणी सरळ वाफ्यात सोडू नका. आधी गोटे आणि वाळू भरलेल्या छोट्या खड्ड्यातून जाऊ द्या, त्याच्या काठाला केळी, अळू, कर्दळ लावा आणि पुढे गेलेलं पाणी भाज्यांना द्या. कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी मात्र वेगळं काढा. त्यातल्या सोड्याने आपली काळी माती आणखी चिकट होते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या गावांना, म्हणजे दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागातल्या तायांना, वेगळा त्रास आहे. तिथं बोअरचं पाणीच खारट. दोन-चार महिने दिलं की मातीवर पांढरा थर दिसायला लागतो. अशा ठिकाणी गाजर, मुळा, कांदा, घेवडा लावून हात पोळून घेऊ नका. ही पिकं मीठ सोसत नाहीत. पालक आणि बीट बऱ्यापैकी सोसतात. आणि पावसाचं गोडं पाणी धरा. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दीडशे चौरस फुटांच्या टिनावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर पावणेतीनशे लिटरच्या आसपास पाणी पडतं. थोडं सांडलं, उडालं तरी दोनशे लिटरचा ड्रम भरतो. पावसाचा खंड पडला की हाच ड्रम रोपं जगवतो. ड्रमाच्या तोंडाला फडकं घट्ट बांधा, नाहीतर भाजी राहील बाजूला अन् घरात डेंग्यू यायचा.

आता महिन्यांचं बघू.

मिरग म्हणजे ७-८ जूनच्या आसपास. पण नक्षत्र लागलं म्हणून बी टाकायचं नाही. पहिल्या सरीला फसून वावरात दुबार पेरणी करावी लागते, तसंच परसात होतं. चांगली ओल झाली की मग भेंडी, गवार, बरबटी, अंबाडी लावा. आपल्या काळ्या जमिनीत पाणी लवकर निचरत नाही, म्हणून पावसाळ्यात वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच पाहिजे. हे एवढं एक केलं तरी श्रावणात रोपं सडत नाहीत. दोडके, कारले, दुधी, कोहळं यांचे वेल कुंपणावर नाहीतर तुराट्यांच्या मांडवावर चढवा. मांडवाला पऱ्हाट्या वापरू नका. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि ती पुढच्या वर्षी आपल्याच कपाशीवर येते. वांग्याचं रोपही याच दिवसांत टाकायचं.

पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या भाज्या आपण विसरत चाललो. कोवळा तरोटा, घोळ. माझ्या आजीला त्या ओळखता यायच्या, मला फोटो काढून विचारावं लागतं! तुमच्या सासूबाईंना विचारा, पोरींना दाखवा. मात्र तणनाशक मारलेल्या बांधावरच्या तोडू नका.

पोळ्यानंतर हिवाळ्याची तयारी. भेदऱ्याचं रोप ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तयार करा. पाऊस परतला की मेथी, पालक, सांबार, मुळा. सांबाराचे धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करून पेरा, उगवण चांगली होते. इथं बहुतेक जणी एक गोष्ट चुकवतात. सगळी मेथी एकाच दिवशी टाकतात. मग आठ दिवस मेथीच मेथी, शेजारी वाटून हात दुखतात आणि नंतर काहीच नाही. वाफ्याचे तीन भाग करा आणि पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक पेरा. गेल्या काही वर्षांत परतीचा पाऊस लांबतो आहे, कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते. २०१४ ची गारपीट आपल्याला आठवतेच. थोडं थोडं पेरलं की एका झटक्यात सगळं जात नाही.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो, तिथं मेथी-पालकाचा नाद सोडा. जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत ढेमसं, काकडी, दुधी, गवार, चवळाई लावा. वाफे कमी करा. सात वाफे असतील तर दोनच ठेवा, पण ते जगवा. मातीचं जुनं, पाझरणारं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, भोवती चार वेल लावायचे, मडकं भरून वर झाकण ठेवायचं. पाणी मुळाशी हळूहळू पाझरतं, वरचं ऊन ते पीत नाही. रंग दिलेलं मडकं चालत नाही, कारण ते पाझरतच नाही. मातीवर सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार चार बोटं पसरा.

आणि मुनगा. प्रत्येक घरामागे एक झाड पाहिजेच. एकदा धरलं की पाण्याची फारशी कुरकुर नाही. झाड तीन-चार फुटांचं झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतात आणि पाला हाताशी येतो. आपण शेंगा खातो अन् पाला शेळीला टाकतो. त्या पाल्याची भाजी करा. मे अखेर ते जुलै आठवडी बाजारात भाजी महाग असते तेव्हा हाच पाला कामी येतो. सोबत हिवाळ्यात सावलीत वाळवून ठेवलेली मेथी.

हे सगळं कशासाठी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्ताची कमतरता आढळली. पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून जेवताना लिंबू पिळा, आणि जेवल्याबरोबर चहा घेऊ नका. पण मला जास्त टोचतं ते वेगळंच. भाजी विकत आणली की मोजून होते, आधी घरच्या माणसांच्या अन् लेकरांच्या ताटात जाते. आपल्या वाट्याला रस्सा. घरी गेलात की आज रात्रीचं कढईतलं शेवटचं बघा, ते कोण खातं.

फवारणीचं सांगायला हवं. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे, तरी "कपाशीचं उरलं होतं, वांग्यावर मारलं" असं मी या कानांनी ऐकलं आहे. करू नका. वावराचा पंपही बागेला नको. त्याऐवजी जून-जुलैमध्ये पडलेल्या निंबोळ्या वेचून वाळवा. अर्धा किलो कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २० ग्रॅम साबण विरघळवून मिसळा आणि एकूण १० लिटर पाणी करा. त्याच दिवशी संध्याकाळी फवारा, ठेवून देऊ नका. घराला लागून कपाशी असेल तर त्या बाजूला ज्वारी किंवा मक्याची दाट ओळ लावा आणि फवारणीच्या आधी भाजी तोडून घ्या.

शेवटी बी. पाकिटातलं बरंचसं बी संकरित असतं. ते धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसंच फळ येईल असं नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या (आपलं अकोला नव्हे बरं!) कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावठी बियांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याएवढं नाही, पण भेंडीच्या एका निरोगी झाडावरच्या दोन शेंगा वाळेपर्यंत ठेवणं कोणालाही जमतं. वांगं पिवळं पडू द्या, मग बी काढा. बी सावलीत कोरडं करून राखेत घोळा, बरणीवर नाव अन् महिना लिहा. दुधी शिजवण्याआधी टोकाचा तुकडा चाखा. कडू लागला तर तो खाऊ नका, जनावरालाही टाकू नका, त्याचं बीही धरू नका. कडू दुधीने माणसं दवाखान्यात गेली आहेत.

ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांनी सिमेंटची रिकामी पोती स्वच्छ धुऊन, खाली भोकं पाडून, माती-शेणखत भरून चार झाडं लावावी. एक भेदऱ्याचं, एक मिरचीचं, दोन वांग्याची.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला येताना घरचं मूठभर बी कागदात बांधून आणा, वर नाव लिहून. ज्यांच्याकडे बी नसेल त्यांनी नुसती रिकामी पुडी आणली तरी चालेल. कृषी सखी ताई बदलाबदलीची वही ठेवणार आहेत. त्या काकूंनी यंदा अंबाडीचं बी आणायचं कबूल केलंय. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मडक्याभोवती तीन वेल जगले, चौथा बकरीने खाल्ला.