मनाच्या गोळ्या चालू आहेत? कंबरही मोजा

घरातल्या ज्येष्ठांना वर्षानुवर्षे मानसिक आजाराची औषधे चालू असतात. मुले हौसेने ‘फुल बॉडी’ पॅकेज करतात, रक्तातले होमोसिस्टीन १९, म्हणजे जास्त, येते, आणि सगळे घाबरून माझ्याकडे येतात. त्याच रिपोर्टच्या पुढच्या पानावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे एचबीए१सी ७.४ असते. त्यावर उत्तर मिळते, ‘‘हो, थोडी शुगर आहे.’’

काळजी करायची ती या ‘थोड्या’ शुगरची. होमोसिस्टीन जास्त असणाऱ्यांत रक्तवाहिन्यांचे विकार अधिक दिसतात हे खरे, पण व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी ते उतरवून हार्ट अटॅक टळतात असे मोठ्या चाचण्यांत आढळले नाही. फार तर त्यावरून बी-१२ तपासून घ्या. शाकाहार, मेटफॉर्मिन आणि रोजची पित्ताची गोळी असे तिन्ही जुळले तर नक्कीच. बी-१२ घटले की विसर पडतो, उदास वाटते, आणि घरचे समजतात जुना आजार उलटला.

आता त्या शुगरकडे. मनाच्या गोळ्यांपैकी ओलॅन्झापिन किंवा क्लोझापिनने भूक खवळते. रात्री दोन वाजता बिस्किटांचा डबा वाजतो तो त्यामुळे. आजोबांना खादाड ठरवू नका. औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी वजन, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघायलाच हवे. कंबर घरीच मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. वाढली म्हणून गोळी मात्र परस्पर बंद करू नका. बदल डॉक्टर करतील.

बीपी आणि साखर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही खराब करतात. साठीनंतर पहिल्यांदाच नैराश्य आले, हालचाल मंदावली, तर बीपीची वही मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा.

मनाच्या गोळ्यांपैकी लिथियम घेणाऱ्यांनी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यावे, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावर. सोबत क्रिएटिनिन, टीएसएच, कॅल्शियम. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणाल तर लिथियम रक्तात साचते. हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, जुलाब झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि ‘‘छातीत दुखतंय’’ म्हणाले, तर ‘‘यांचं नेहमीचंच’’ असे न म्हणता आधी ईसीजी काढून घ्या.