गाडी रात्री कुठे उभी राहणार?

सांगली,
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. मृणाल हिस,


तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून सवडीने लिहितो आहे. वाईहून शिरवळला रोजची ये-जा, महिन्याला पेट्रोलवर बारा हजारांच्या वर खर्च, शोरूमवाला म्हणतो विजेची घ्या, समीररावांचे मित्र म्हणतात फसाल. मी उभी नोकरी वीज खात्यात केली. गाड्यांतलं मला बेताचं कळतं, पण तुझ्या शंकांपैकी निम्म्याहून जास्त शंका गाडीच्या नाहीतच, त्या विजेच्या आहेत. त्यांवर मी अधिकाराने बोलू शकतो.

शोरूममध्ये तुला रेंज, पडदा, पिकअप सगळं सांगतील. तू मात्र आधी दोन गोष्टींची उत्तरं घरी बसून काढ. गाडी रात्री जिथे उभी राहील तिथे तुझ्या स्वतःच्या मीटरची वीज पोचते का? आणि महिन्याला गाडी नक्की किती किलोमीटर चालते? बाकीच्या चर्चा या दोन उत्तरांच्या नंतरच्या.

पेट्रोल कधीतरी उतरेल या आशेवर मात्र थांबू नकोस. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलच्या दरावरचं नियंत्रण काढलं आणि जून २०१७ पासून दर रोज ठरू लागले. कच्चं तेल उतरलं की पंपावरही उतरेल, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं. २०२० च्या टाळेबंदीत कच्च्या तेलाचा भाव कोसळला, आणि त्याच मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरचं १३ रुपयांनी वाढवलं. २०२५ च्या एप्रिलमध्येही शुल्क दोन रुपयांनी वाढलं, फक्त कच्चं तेल उतरलेलं असल्याने ते पंपावर दिसलं नाही. वर राज्याचा व्हॅट आहेच, आणि पेट्रोल अजून जीएसटीच्या बाहेर आहे. लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. या सगळ्यात तुझ्या-माझ्या हातात काहीच नाही.

तुझी गाडी हल्ली अ‍ॅव्हरेज कमी देते, ही तक्रारही खोटी नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे जुन्या गाडीला थोडा फरक पडणारच. आपल्याकडच्या साखर कारखान्यांना आणि ऊसवाल्यांना त्यातून पैसा मिळतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लिटरचा भाव मात्र इथेनॉल मिसळलं म्हणून उतरलेला नाही.

आता तुझा हिशेब. ऑफिसची ये-जा आणि इतर फिरणं मिळून महिन्याला १,८०० किलोमीटर धरू. लिटरला १५ किलोमीटर आणि १०५ रुपये भाव धरला तर १२० लिटर, म्हणजे १२,६०० रुपये. विजेची छोटी गाडी एका युनिटला साधारण साडेसहा किलोमीटर जाते. म्हणजे २७७ युनिटं, आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी धरून ३१० च्या आसपास.

इथेच शोरूममधला हिशेब चुकतो. तिथे युनिटला सहा-सात रुपये धरून ‘किलोमीटरला एक रुपया’ असं सांगतात. घरगुती वीज तशी मिळत नाही, ती टप्प्याटप्प्याने महागते. तुमचं घर आत्ता दीडशे युनिटं वापरतं. गाडीची ३१० युनिटं त्याच्या खाली बसत नाहीत, वर बसतात. शंभर ते तीनशेच्या टप्प्यात वहन आकार आणि वीज शुल्क धरून युनिट बारा-तेरा रुपयांना पडतं, तीनशेच्या पुढे पंधराच्याही वर जातं. म्हणजे गाडीमुळे बिल साडेचार हजारांनी वाढेल, दोन हजारांनी नाही. हा आकडा मनाशी आधीच पक्का केलास तर पहिल्या महिन्याचं बिल बघून घरात वाद होणार नाहीत. आणि तो धरूनही महिन्याला आठ हजार वाचतात, हेही विसरू नकोस.

बिल आणखी खाली आणायचे दोन मार्ग आहेत. वाहनांच्या चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दर आहे. त्यासाठी वेगळं मीटर घेता येतं, मग घरच्या टप्प्यांशी गाडीचा संबंध राहत नाही. स्थिर आकारासकट काय पडतं ते तुमच्या उपविभागात जाऊन विचार आणि मग ठरव. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. तुमच्या मागच्या सोप्यावर स्लॅब आहे आणि त्यावर दिवसभर ऊन असतं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, आणि तेवढी पॅनेलं आपल्याकडे दिवसाला सरासरी १२ युनिटं देतात. तुझी गाडीही कामाच्या दिवशी जवळजवळ तेवढीच घेईल. दिवसा गाडी शिरवळला असली तरी अडचण नाही, नेट मीटरमुळे दुपारी दिलेली वीज रात्री वजा होते.

रोहितनेही तुझ्यामागोमाग मला विचारलं. त्याला मी स्पष्ट ‘आत्ता नको’ सांगितलं, आणि तुला त्याचं कारण कळावं. पुण्यात त्याच्या सोसायटीत पार्किंगला पॉइंट नाही, आणि गाडी महिन्याला जेमतेम पाचशे किलोमीटर चालते. त्याला बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीस-पंचवीस रुपये मोजावे लागतील. त्याचं पेट्रोल साडेतीन हजारांचं, वाचणार अठराशेच्या आसपास. वर गाडीचे अडीच-तीन लाख जास्त द्यायचे, तर ते वसूल व्हायला बारा वर्षं लागतील. त्याला म्हटलं, आधी सोसायटीच्या सभेत विषय मांड, स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत केबल ओढून घे. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे राहत्या जोडणीवरून किंवा वेगळं मीटर घेऊन चार्जिंग करता येतं, तेव्हा अध्यक्षांनी नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही. पॉइंट आला की गाडीचा विचार कर. एकाच घरातल्या दोघांना मी दोन उलटी उत्तरं दिली, आणि दोन्ही बरोबर आहेत.

आता वायरिंग. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण यात मला सगळ्यात जास्त काळजी आहे. नोकरीत मी जळालेली सॉकेटं पुष्कळ पाहिली. फ्रिज थांबतो, इस्त्री थांबते, गाडी मात्र सलग चार-पाच तास पूर्ण भार ओढत राहते. सैल स्क्रू, जुनी बारीक तार किंवा स्वस्तातलं सॉकेट इस्त्रीला चालून जातं, गाडीला चालत नाही. तुमचं घर जुनं आहे, माझ्या अंदाजाने अर्थिंग सासरेबुवांच्या काळातलं असेल. तेव्हा बोर्डापासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र तांब्याची तार, चार चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. तिला वेगळा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. सोळा अँपिअरचं चांगल्या प्रतीचं औद्योगिक सॉकेट, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी. अर्थिंगचा खड्डा नवा. एक्स्टेंशन बोर्ड कधीही नाही, एका रात्रीपुरताही नाही. बिलावर ‘मंजूर भार’ म्हणून आकडा असतो तो बघ. कमी असेल तर वाढवून घ्यायचा अर्ज आधी कर. कंपनीचा माणूस भिंतीवरचा चार्जर बसवायला येईल, पण घराचं अर्थिंग सुधारणं त्याचं काम नव्हे. परवानाधारक वायरमन बोलाव.

घाटाची तुला भीती वाटते. तुमच्या गाडीएवढ्या, दीड टन वजनाच्या गाडीला शंभर मीटर उंची चढायला सुमारे अर्धं युनिट जास्त लागतं. संध्याकाळी परतताना खंबाटकी चढायला एवढाच काय तो फरक, आणि सुरूरकडे उतरताना मोटर उलटी जनित्रासारखी चालून त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत भरते. खंबाटकीची चिंता सोड. पसरणीचा घाट मात्र वेगळा. आजेसासूबाईंकडे पाचगणीला मुक्काम केलात तर रात्री बॅटरी शंभर टक्के भरून सकाळी उतरू नकोस. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते, मग मोटरचा रोध बंद पडतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेव.

रेंजबद्दल एवढंच सांगतो: कागदावर साडेतीनशे लिहिलं असेल तर महामार्गाच्या वेगात, एसी लावून, अडीचशे धर. तुझं रोजचं जाणं सत्तरच्या आत आहे, त्यामुळे मोठ्या बॅटरीवर दोन लाख जास्त घालवण्यात अर्थ नाही. गणपतीत कोकणात जायचं तर चार्जरवर रांग लागते, एखादा बंद सापडतो. पंचवीस-तीस टक्क्यांवर असतानाच चार्जर गाठ, पुढचा कुठे आहे ते निघण्यापूर्वी बघून ठेव, आणि जेवणाचा थांबा तिथेच घे. वर्षातून दोन-तीनदाच ते करायचं आहे. त्या तीन दिवसांसाठी उरलेल्या वर्षाचा निर्णय फिरवू नकोस. पेट्रोलची गाडी दोन वर्षं विकू नका, लांबच्या प्रवासाला ती राहू दे.

बॅटरी बसली तर काय, हा समीररावांचा प्रश्न योग्य आहे. बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. हमीच्या कागदावर क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल ते वाचा, ते तोंडी कोणी सांगत नाही. लोह-फॉस्फेटची बॅटरी असलेली गाडी मिळाली तर तीच घ्या. ती उष्णता जास्त सोसते आणि जास्त वर्षं टिकते. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या, त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम केंद्राने कडक केले. जुनी गाडी म्हणून विकताना किंमत कमी येते, हे मात्र खरं आहे. म्हणून चार वर्षांत बदलायची असेल तर घेऊ नका. आठ वर्षं वापरायची तयारी असेल तरच घ्या.

आणि वीज कोळशाचीच ना, असं तू विचारलंस. हो, अजून बरीचशी चंद्रपूर-कोराडीचीच. तुमच्या जिल्ह्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर चालणारे १,९६० मेगावॉट आहेत, पण ते संध्याकाळच्या वाढलेल्या मागणीला लागतात. तरी पेट्रोलच्या इंजिनात पाऊण ऊर्जा उष्णता होऊन जाते, मोटरमध्ये फार थोडी. आणि तुझं छप्पर सौर झालं तर हा प्रश्न तुझ्यापुरता निम्मा सुटला.

पैशाच्या तीन गोष्टी नीट ऐक. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, पण सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा १८ वर आल्याने दोन्हींतलं अंतर कमी झालं आहे. जुने तुलनेचे कागद दाखवले तर नवे मागून घे. कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस, ती मार्च २०२३ पर्यंतच्या कर्जांपुरती होती. राज्याच्या धोरणात वाहन कर माफ आहे, आणि टोलची माफी द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर आहे. पुण्याला जाताना खेड शिवापूरला टोल भरावाच लागेल.

माझा निर्णय विचारशील तर तू घे. तुझं चालणं भरपूर आहे, घराला अंगण आहे, छपराला ऊन आहे. गाडीचे जास्तीचे पैसे तीन वर्षांत निघतील. फक्त क्रम बदल. आधी वायरमन, मग महावितरणचा अर्ज, मग शोरूम. मी जानेवारीत वाईला येणार आहे, तेव्हा अर्थिंगची तपासणी मी स्वतः उभा राहून करून घेईन. तोवर बुकिंगचे पैसे भरू नकोस.

ताईला नमस्कार, समीररावांना आशीर्वाद.

तुझा,
मामा