‘किफायतशीर’ या शब्दापाशी : डॉ. आंबेडकरांचा १९१८ चा शेतीनिबंध

एम. ए.च्या अनुवादाच्या तासाला कथा-कवितेबरोबर एक तरी शास्त्रीय निबंध द्यायचा, असा माझा परिपाठ आहे. गेल्या खेपेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा भारतातील लहान शेतजमिनी व त्यांवरील उपाय यांविषयीचा इंग्रजी निबंध घेतला. इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात तो १९१८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखक सत्ताविशीच्या आसपास होता. आता तो महाराष्ट्र शासनाने काढलेल्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात सहज मिळतो.

वर्ग अडखळला तो ‘इकॉनॉमिक होल्डिंग’ या जोडशब्दापाशी. निम्म्या जणांनी ‘आर्थिक धारणा’ असे लिहिले होते. धारणा म्हणजे आपल्याकडे समजूत, शेत नव्हे. रूढ परिभाषा ‘किफायतशीर धारणक्षेत्र’ अशी आहे. ती फळ्यावर लिहिली आणि विचारले, किफायत म्हणजे काय, आणि ती कशावरून ठरवायची? सगळा निबंध याच प्रश्नावर उभा आहे, हे मलाही त्या तासाला नव्याने कळले.

त्या काळी मुंबई इलाख्यातील शेतकी खात्याचे संचालक कीटिंग यांनी एक व्याख्या केली होती. आवश्यक खर्च वजा जाता शेतकऱ्याला कुटुंबासह बऱ्यापैकी सुखाने राहता येईल एवढे पिकवण्याची संधी ज्या जमिनीत आहे, ती किफायतशीर. त्यांच्या मनातले आदर्श शेत चाळीस-पन्नास एकरांचे, सलग, विहीर आणि शेतावरच घर असलेले. ऐकायला हे कोणालाही पटेल. आंबेडकरांचा आक्षेप असा की, ही व्याख्या खाणाऱ्या तोंडांकडून केलेली आहे, पिकवण्याच्या बाजूने नव्हे. शेती हा उद्योग आहे, आणि उद्योगात जमीन हा अनेक साधनांपैकी एक घटक. त्याच्या जोडीला किती औते, किती बैल, किती भांडवल आणि किती माणसे आहेत, यांच्या प्रमाणावर किफायत ठरते. नुसते एकर मोजून दोन एकर तोट्याचे आणि वीस एकर फायद्याचे, असे म्हणता येत नाही.

येथून ते एका चमत्कारिक वाटणाऱ्या निष्कर्षाला येतात. शेतकऱ्याजवळची अवजारे आणि जनावरे इतकी अपुरी आहेत की, आहे ती जमीन त्या मानाने लहान नव्हे, मोठीच आहे! वर्गात या वाक्याचा अनुवाद तिघांनी उलटा केला होता; लेखकाची चूक आपण सुधारत आहोत, अशा समजुतीने. अशा ठिकाणी अनुवादकाने थांबून मागचे दोन परिच्छेद पुन्हा वाचावेत. युक्तिवाद समजला असेल तर विरोधाभास सुधारावासा वाटत नाही.

दुसरा भेद शब्दांचा आहे. विखुरलेले तुकडे एकत्र आणणे हा एक प्रश्न, आणि लहान शेत मोठे करणे हा वेगळा प्रश्न. दोन्ही एकाच दमात बोलले की घोटाळा होतो. पुढे १९४७ साली मुंबई सरकारने कायदा केला, त्याने ‘तुकडेबंदी’ आणि ‘तुकडेजोड’ हे दोन सुटसुटीत शब्द मराठीला दिले. पण तुकडे जोडले तरी त्या शेतावर तितकीच माणसे अवलंबून राहतात. आंबेडकरांचे बोट नेमके तिथे आहे. शेतजमिनी लहान का होतात? निव्वळ वारसाहक्काच्या कायद्यामुळे नव्हे, तर जमिनीवाचून दुसरा आधार नसल्यामुळे प्रत्येक भाऊ आपल्या हिश्शाला चिकटून राहतो म्हणून. या जास्तीच्या माणसांना उद्योगात काम मिळाले की शेतीवरचा भार आपोआप हलका होईल. म्हणून औद्योगिकीकरण हाच शेतीवरचा खरा उपाय. आर्थर लुईस यांचा अमर्याद श्रमपुरवठ्याचा प्रसिद्ध निबंध १९५४ चा आहे. तो शिकवणाऱ्यांनी हा छत्तीस वर्षे आधीचा निबंधही शेजारी ठेवावा.

निबंधात बडोदे संस्थानाने नेमलेल्या समितीच्या १९१७ च्या अहवालाचीही तपासणी आहे. याच संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले आणि १९१७ साली इथे नोकरीला आले. अस्पृश्य म्हणून शहरात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून बाहेर पडावे लागले आणि त्यांनी बडोदे सोडले. त्यानंतर वर्षभरातच हा निबंध आला. त्यात या प्रसंगाची पुसटशीही छाया नाही. मी बडोद्यात शिकवते, त्यामुळे ही कोरडी शिस्त मला अधिक जाणवते. १९२७ साली मुंबई विधिमंडळात लहान शेतांविषयीचे विधेयक आले, तेव्हाही त्यांनी विरोध केला तो याच तर्काने: लहान शेतकऱ्याला जमिनीवरून उठवाल, तर भूमिहीनांची संख्या वाढवाल. त्याऐवजी त्यांनी सहकारी शेतीचा मार्ग सुचवला.

आज देशातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ च्या २.२८ हेक्टरांवरून २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टरांवर आले आहे. सरकारी श्रमबल पाहणीनुसार शेतीवर काम करणाऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते. टाळेबंदीच्या वर्षी, २०१९-२० मध्ये, ते ४५.६ टक्के झाले. शेतीने धक्का पचवला, अर्थव्यवस्थेने तग धरला, असे तेव्हा कौतुकाने लिहिले गेले. ‘तग धरणे’ हा शब्द मला त्या ठिकाणी फार प्रामाणिक वाटतो. तगणे म्हणजे वाढणे नव्हे. राबले नाही तर भांडवलाला खर्च लागत नाही; माणसाला मात्र काम नसले तरी जेवावे लागते, आणि ते आहे त्याच पिकातून निघते, हे आंबेडकरांनी तेव्हाच सांगितले होते.

शेवटच्या तासाला ‘आयडल लेबर’चा अनुवाद बहुतेकांनी ‘आळशी मजूर’ असा केला होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याचा मोठा भाऊ २०२० मध्ये कारखान्यातून गावी परतला आणि अजून घरीच आहे. “बाई, तो पाचला उठून शेतावर जातो. आळशी कसा? पूर्वी दोघे निंदायचे तेच आता तिघे निंदतात, एवढंच.” बराच वेळ चर्चा झाली. ‘बेकार’ नको, कारण तो काम करतोच. ‘जादा’ नको, कारण घरात तो जादा नाही. अखेर आम्ही ‘रिकामे श्रम’ असे लिहिले, आणि त्या मुलाने आपल्या वहीत ‘आळशी’ खोडले.