दुसऱ्या दांडीचे पैसे

बयो, आईचा फोन आला होता. म्हणाली, धाकटीला जुनी फोर बाय फोर घ्यायची आहे, तूच काय ते समजाव. समजावण्यासारखं काही नाही असंच मी तिला सांगितलं. मंडणगडच्या आपल्या घराकडे जाणारा तांबड्या मातीचा चढ जुलैमध्ये कसा होतो, हे मलाही ठाऊक आहे. साधी गाडी खालच्या वळणावर ठेवून सामान डोक्यावरून न्यायचे दिवस आपण दोघींनीही काढलेत. तेव्हा घ्यायची तर घे. पण साकीनाक्यात खैरानी रोडच्या गल्लीत तुझ्या भावोजींच्या गॅरेजचा हिशेब मी ठेवते, आणि जुनी जीप हौसेने घेतलेल्यांचे चेहरे बिल हातात पडल्यावर कसे होतात हे रोज बघते. म्हणून चार गोष्टी आधीच कानावर घालते.

पहिली गोष्ट, या गाडीला तू जास्त पैसे कशाचे देणार आहेस? गिअरच्या दांडीशेजारी जी दुसरी छोटी दांडी असते, तिचे. रुंद टायर, उंच बॉडी, पुढचा लोखंडी बार हे सगळं दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही लावता येतं. त्या दुसऱ्या दांडीने पुढच्या चाकांत ताकद उतरत नसेल, तर तू महाग दराने साधी गाडीच घेतलीस. बाजारात फिरताना हे एवढं डोक्यात ठेव.

मागे ‘4x4’ असा स्टिकर दिसला की भुलू नकोस. स्टिकर कुठेही मिळतो. स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी या गाड्या बहुतेक दोन चाकांच्याच विकल्या गेल्या, चार चाकांच्या थोड्या. थारचंही तसंच. २०१० च्या ऑक्टोबरात आलेल्या पहिल्या थारमध्ये सीआरडीई इंजिनची गाडी फोर बाय फोर होती, पण स्वस्तातल्या डीआय थारमध्ये फोर बाय टूसुद्धा मिळायची. २०२० ची नवी थार आली ती चारही चाकांची, मग जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारीही निघाली. म्हणून नुसतं ‘थार आहे’ म्हटलं की झालं नाही. आरसीवर मॉडेलचं पूर्ण नाव वाच आणि गाडीखाली वाकून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आहे का ते बघ. डस्टरसारख्या काही गाड्यांत ऑल व्हील ड्राइव्ह मिळते, पण लो रेंजची, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारी, दांडी नसते. आपल्या चढाला लो रेंज लागते.

तुझ्या बजेटात मुख्यतः दोन गाड्या येतील. एक जिप्सी. १९८५ साली आली, १९९६ पासून १३०० सीसीच्या इंजिनची ‘किंग’ झाली. पेट्रोलवर चालते, वजनाला हलकी, चढाला बकरीसारखी. मात्र मागे बसणाऱ्याची कंबर ढिली करते आणि पेट्रोलही भरपूर पिते. दुसरी २०१० ते २०२० मधली जुनी थार. डिझेल, ओढ दणदणीत, आणि तिचं काम येणारा मेस्त्री मुंबईत गल्लोगल्ली सापडतो. सापडणारच, महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलिस जीप जोडायला सुरुवात केली ती याच शहरात, आणि त्यांचा कांदिवलीचा कारखाना तर आपल्या उपनगरातलाच. जुने सुटे भाग लागले तर कुर्ल्याचा सीएसटी रोड जवळ आहे. पजेरो, जुनी एन्डेव्हर या गाड्या स्वस्तात मिळतात म्हणून हरखून जाऊ नकोस. एन्डेव्हर बनवणाऱ्या फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं. घेताना वाचलेले पैसे पुढे पार्ट शोधण्यात जातात.

आता ती दांडी तपासायची कशी? मालकाला सांग, गाडी मातीत बघायची आहे. का-कू करायला लागला तर तिथेच कळलं. मोकळा मातीचा प्लॉट, थोडा चढ असेल तर उत्तम. गाडी पूर्ण थांबवून फोर-लो, म्हणजे चारही चाकं लो रेंजमध्ये, टाकायला लाव. दांडी अडखळते का, डॅशवरचा दिवा लागतो का, बघ. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि ॲक्सिलरेटरला पायही लावला नाही, तरी गाडीने मुंगीच्या पावलांनी चढ चढला पाहिजे. भावोजींना खाली उभं कर, पुढची चाकंही माती ओढतात का ते त्यांना दिसेल. दांडी बाहेर उडून येत असेल, किंवा खालून खडखड ऐकू येत असेल, तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी, उघडावी लागणार असं समज. जिप्सी असेल तर पुढच्या चाकाच्या मधोमध हब बघ. काहींना तो हाताने फिरवून लॉक करावा लागतो. वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे तो मातीने जाम झालेला असतो.

कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर-हाय, म्हणजे लो रेंजशिवाय चारही चाकं, टाकून फेऱ्या मारू देऊ नकोस. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. या जुन्या गाड्यांत तेव्हा पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात, त्यामुळे सगळा ताण गिअरांवर येतो. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत, तेही याच कारणासाठी. दोन नवे, दोन गुळगुळीत असले तर मालकाला गाडी कळत नव्हती, किंवा त्याने ती फक्त विकण्यापुरती सजवली आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक जीप आली होती. काळा मॅट रंग, नवीन सीट, हेडलाइट तर असे की दिवसा डोळे दिपावेत. घेणारा मुलगा खूश होता, फक्त ऑईल बदलायला आला होता. भावोजींनी गाडी जॅकवर घेतली आणि मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ चेसिसवर पेचकसाचं टोक टेकवलं. टकटक आवाज यायला हवा होता, आला नाही. टोक आत गेलं. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली फायबरचं कापड आणि त्याखाली गंजाचा भुगा. बॉडी चार वेळा बदलता येते, चेसिस सडली की गाडी भंगारात. समुद्राकाठी राहिलेल्या, वाळूत फिरवलेल्या गाड्यांचं हे दुखणं नेहमीचं. म्हणून बॉनेट उघडण्याआधी तू गाडीखाली झोप. साडी नेसून जाऊ नकोस म्हणजे झालं.

इंजिन थंड असताना चालू करायचं, म्हणजे सकाळी जायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर बॉनेटवर हात ठेवला की कळतं. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेडचं काम निघणार. चालू इंजिनवर ऑईलचं झाकण काढून बघ, भकाभका वाफ आली तर पिस्टन-रिंग गेल्या. गिअर ऑईल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

पाण्यावरून आठवलं. साकीनाक्यात राहून पुराची गोष्ट तुला काय सांगायची? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी रस्त्यावर आली. २९ ऑगस्ट २०१७ ला पुन्हा तीच तऱ्हा. बुडालेल्या गाड्या सगळ्याच भंगारात जात नाहीत, बऱ्याच धुऊन-पुसून बाजारात येतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे सीटबेल्ट. पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून बाहेर काढ. वरचा पट्टा स्वच्छ आणि आतला मातकट, डागाळलेला असेल, तर पाणी तिथवर चढलं होतं. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का, डॅशखालच्या वायरींवर गाळाची पूड आहे का, बघ. अत्तराचा भपका येत असेल तर शंका आणखी वाढव.

कागदांकडे मात्र थंड डोक्याने बघ. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन ५-५ वर्षांनी वाढते. म्हणजे २०१०-११ च्या पहिल्या थारची १५ वर्षं २०२५-२६ मध्ये भरतात. ‘पासिंग कधीपर्यंत?’ हा तुझा पहिला प्रश्न असू दे. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५००० रुपये झाली. पुढेही दर वाढलेत, शिवाय पर्यावरण कर वेगळा. आजचा आकडा आरटीओतून घे आणि तो किमतीतून वजा करायला लाव.

दिल्ली पासिंगची डिझेल गाडी निम्म्या भावात मिळाली तर आधी कारण विचार. दिल्ली परिसरात १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. तेव्हापासून तिकडच्या गाड्या देशभर उतरतात. घ्यायला हरकत नाही, पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हे सगळं धरून मग स्वस्त म्हण.

चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घास, अंक उमटतील. ते आरसीशी एकेक करून जुळव. रंग, छप्पर, सीटसंख्या आरसीप्रमाणेच हवी. कंपनीने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय, आणि लोखंडी बारावर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. विकणारा ज्या ‘मॉडिफिकेशन’चे पैसे वरून मागतो, तेच तपासणीच्या दिवशी तुला खर्चून काढावं लागेल. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलन थकलेलं नाही ना, ते गाडीचा नंबर टाकून बघ. विमा तुझ्या नावावर करायला कायद्याने १४ दिवस मिळतात. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचा, तो तुला मिळत नाही.

आता भाव. विम्याच्या कागदावरची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, दाखवून कुणी किंमत पटवायला लागला तर ऐकू नकोस. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा ठरलेला तक्ता असतो, त्यापुढे तो आकडा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. दुसरं म्हणजे, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला आणि नव्या थारची किंमत खाली आली. नवी स्वस्त झाली तर जुनीचा भाव त्याआधीचाच कसा राहील? हा प्रश्न हसत हसत विचार. डीलर ‘अठरा टक्के जीएसटी’ म्हणाला तर तो त्याच्या नफ्यावर असतो, पूर्ण किमतीवर नाही. मालकाकडून थेट घेतलीस तर तोही नाही.

मग वहीत मांड. समजा, मागणी ५ लाख ५० हजारांची आहे. भावोजींनी बघून सांगितलं, टायरांना ४५ हजार, क्लचला २५ हजार. नूतनीकरण आणि करांना २० हजार, विम्याला १५ हजार. झाले १ लाख ५ हजार. तुझ्यासाठी गाडीची किंमत उरली ४ लाख ४५ हजार. बोलायला सुरुवात ४ लाख २० हजारांपासून कर आणि ४ लाख ४५ हजारांवर थांब. हे आकडे उदाहरणाचे आहेत, पण रीत हीच. ‘गाडी चांगली नाही’ असं बोलून मालकाला दुखवू नकोस, त्याने ती जीव लावून वापरली असेल. यादी पुढे ठेव, वाद यादीशी होऊ दे.

‘आणखी दोन गिऱ्हाइकं लाइनीत आहेत’ हे तुला हमखास ऐकवलं जाईल. असतील तर त्यांना घेऊ दे. जुन्या थार संपल्या नाहीत, जिप्सीही मिळत राहतात. आपला चढ आणखी एक पावसाळा तुझी वाट बघेल. गाडी कितीही मनात भरली तरी बघायला गेलेल्या दिवशी इसार द्यायचा नाही. आरसीची प्रत आण, चेसिस नंबरचा घासलेला कागद आण, खर्चाची यादी आण आणि गॅरेजात माझ्यासमोर बस. दांडी मातीत चाललेली भावोजींनी पाहिली नसेल, तर पर्स उघडूच नकोस.