उन्हाने हिम वितळविणे

म्हैसूरजवळील हेब्बाळ येथे हिमवर्षाव होत नाही. तेथील घरांच्या छपरांवर जे सौर बंब दिसतात, त्यांचे काम स्नानाचे पाणी तापविणे एवढेच. परंतु ज्या तत्त्वावर हे बंब चालतात, त्याच तत्त्वाने थंड देशांत रस्त्यावरील हिम वितळविता येते. ते कसे, हे पाहू.

शून्य अंशावरील १ ग्रॅम बर्फाचे त्याच तापमानाचे पाणी होण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. हीच बर्फाची अप्रकट उष्णता होय. ताज्या हिमाचा १० सेंटिमीटर जाडीचा थर घेतला, तर दर चौरस मीटरवर सुमारे १० किलोग्रॅम हिम असते. घरापुढील वाट ५० चौरस मीटरची असेल, तर ५०० किलोग्रॅम हिम वितळविण्यास ४ कोटी कॅलरी, म्हणजे विजेची सुमारे ४६ युनिटे खर्ची पडतील. हवेत व जमिनीत जाणारी उष्णता यात धरलेली नाही.

मग ही उष्णता सूर्यापासूनच का घेऊ नये? अडचण अशी की, हिम पडते तेव्हा आकाश झाकोळलेले असते. आणि ताजे शुभ्र हिम आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश परत फेकते. सारांश, उष्णता हवी असते तेव्हा सूर्य नसतो. यास्तव उन्हाळ्यातील उष्णता हिवाळ्यासाठी साठविली पाहिजे.

स्वित्झर्लंडमध्ये डेर्लिगेन येथील एका पुलावर १९९४ साली अशी योजना सुरू झाली. पुलाच्या खालूनही थंड वारा वाहत असल्यामुळे त्यावर इतर रस्त्यापेक्षा आधी बर्फ धरते व वाहने घसरून अपघात होतात. मीठ टाकल्यास बर्फ वितळते खरे, पण लोखंड गंजते. म्हणून पुलाच्या सुमारे १,३०० चौरस मीटर पृष्ठभागाखाली नळ्या बसविल्या. उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्याची उष्णता नळ्यांतील द्रव वाहून नेतो आणि प्रत्येकी ६५ मीटर खोलीच्या ९१ विवरांतून ती खडकात साठविली जाते. हिवाळ्यात तोच द्रव ती उष्णता परत वर आणतो. वीज लागते ती मुख्यतः पंपांपुरती.

हिमालयातील शेकडो किलोमीटरच्या रस्त्यांवर मात्र हिमाचे थर फार जाड असतात. तेथे ते वितळविण्यापेक्षा यंत्राने बाजूस सारणेच स्वस्त पडते, हे वरील हिशेबावरून ध्यानात येईल.

प्रयोग : चामुंडी टेकडी ज्या ग्रॅनाइटची आहे, तशा दगडाचे सारख्या आकाराचे दोन तुकडे घ्या. एक दुपारपर्यंत उन्हात व दुसरा सावलीत ठेवा. नंतर दोन्ही सावलीत आणून त्यांवर सारखे बर्फाचे खडे ठेवा. कोणता खडा आधी वितळतो? ४० अंशांचा १ किलोग्रॅम दगड शून्य अंशापर्यंत निवताना सुमारे ८,००० कॅलरी देतो. ती सर्व उष्णता बर्फास मिळाली, तर किती ग्रॅम बर्फ वितळेल, याचे गणित करून पाहा.