पर्लकोटेपलीकडे औषध धाडताना

पोरी, भामरागडकडच्या गावांना फोनवरून औषधं पुरवायचं मनावर घेतलंस, बरं झालं. औषधाच्या फडताळापुढं उमर गेली माझी, म्हणून सांगतो: औषध घरी पोचलं म्हणजे काम झालं नाही, ते पोटात नीट गेलं की झालं.

पावसाळ्याचा साठा मे महिन्यातच भर. पर्लकोटा नदी फुगली की रस्ता तुटतो. साखर, रक्तदाब, फिट यांच्या रोग्यांची यादी कर आणि डॉक्टरांना विचारून त्यांच्या गोळ्या आधीच घरी जाऊ देत. फिटची गोळी एकाएकी थांबली की झटके परत येतात.

फोनवर नाव ऐकून औषध काढू नकोस, चिठ्ठीचा फोटो माग. नावं जुळ्या भावांसारखी असतात. अक्षर आणि ताकद दोन्ही ताडून बघ. पट्टीवर लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, पाटील येवो की सरपंच. चिठ्ठीच नसेल तर उपकेंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणं करून दे.

पाकिटावर नुसतं लिहून भागत नाही. सकाळच्या गोळीला सूर्य काढ, रात्रीच्या गोळीला चंद्र. समजावताना माडिया बोलणारी आशाताई फोनवर हवीच. मग रोग्यालाच विचार, "कोणती कधी घेणार, सांगा बघू." नुसत्या "हो हो"वर जाऊ नकोस.

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहिलं पाहिजे, पण बर्फाला चिकटू देऊ नकोस. एकदा गोठलं की टाकूनच द्यायचं. उघडलेली बाटली साधारण 4 आठवडे चालते, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहायला सांग.

जुलाबाच्या पोराला ओआरएस आणि झिंक एकत्रच बांध. एक लिटरचा पुडा एक लिटर पाण्यात, आणि ते पाणी 24 तासांतच वापरायचं, उरलं तर फेकायचं. जुलाब थांबले तरी झिंक 14 दिवस द्यायचं, हे दोनदा सांग.

साप चावला, लेकरू धापा टाकतंय, झटका थांबत नाही, तिथं गोळी धाडत बसू नकोस. आधी 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलाव.

आठवड्यानं उलट फोन कर आणि उरलेल्या गोळ्या मोजायला सांग. जास्त उरल्या तर रागावू नकोस. मळमळलं, चक्कर आली, की शेजारणीला दिल्या, ते काढून घे आणि डॉक्टरांच्या कानावर घाल. पुढची चिठ्ठी त्यावरच ठरू दे.